मूठभर तांदूळ

आज उपासनेनंतर मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांची, मीटिंग लांबली. विषय जुनाच: आपल्या चर्चचं छप्पर गळतंय, मग मिशनच्या, म्हणजे धर्मप्रसाराच्या कामाच्या, सामाईक निधीत वर्गणी का द्यायची? खरं सांगते, हात वर करून छपराच्या बाजूनं बोलणारी मीच होते. पावसाळ्यात बादल्या मीच ठेवते ना!

मग मागच्या बाकावरच्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, "बाई, आपल्याकडं येशूची सुवार्ता आली ती कुणाच्या तरी गळक्या छपराखालूनच आली असंल." सगळे हसले. मी नाही हसले.

१८१३ साली मुंबईत उतरलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांमागं न्यू इंग्लंडमधल्या लहान लहान मंडळ्यांची दानं होती. त्या दान देणाऱ्यांनी ना कधी मुंबई पाहिली, ना अहमदनगर. मिझोरामच्या बायका तर शंभराहून जास्त वर्षं स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात. 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला. तो विकून आलेल्या पैशातून सुवार्तिकांचे, म्हणजे सुवार्ता सांगणाऱ्यांचे, पगार निघतात. श्रीमंत घर असो वा गरीब, मूठ सारखीच.

एकट्या मंडळीला पूर्णवेळ सुवार्तिक परवडत नाही. दहा मंडळ्या मिळून परवडतो. शिवाय नव्या विश्वासणाऱ्याला बाप्तिस्म्यानंतर वर्षभर शिकवायला कुणीतरी लागतंच. तिथंच आपण कमी पडतो.

शेवटी वर्गणी मंजूर झाली, छपराला ताडपत्री. घरी येऊन भाताला तांदूळ घेतला आणि एक मूठ बरणीत टाकली. नवरा म्हणाला, "आज भात कमी का?"