नोटीस डकवली ते दार

घटस्फोटाच्या हुकमाची नक्कल पाहिजे म्हणून येणारी माणसं बहुतेक घाईत असतात. कुणाचं दुसरं लग्न ठरलेलं असतं, कुणाचा पासपोर्ट अडकलेला असतो. मी साताऱ्यात एका वकीलसाहेबांकडं कारकून आहे, नक्कल काढणं रोजचंच काम, आणि केस नंबर हातात असेल तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. अर्ज करा, कोर्ट फी तिकीट लावा, वकीलपत्र जोडा आणि मग नक्कल विभागात चकरा मारा. खरा कस लागतो तो नंबर नसताना. लोकांना वाटतं आता सगळं ऑनलाईन आलंय, मोबाईलवर ई-कोर्ट्स हे कोर्टाचं ॲप उघडून माझ्यापुढं धरतात, पण 16 अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ऑनलाईन ओळख नंबर, आत्ताच्या केसला, पंचवीस वर्षांपूर्वी निकाली निघालेला विवाह अर्ज अजून हाताने लिहिलेल्या रजिस्टरातच झोपलेला असतो.

अशाच नंबर नसलेल्या एक पक्षकार, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, त्या आल्या लेकीला घेऊन. नवरा मिलिटरीत होता, नाईक म्हणून रिटायर झालेला. तो वारला तेव्हा ह्यांना निरोपसुद्धा नव्हता, उडतउडत कळलं. मग कुणीतरी सांगितलं की तुम्ही लग्नाची बायको, फॅमिली पेन्शन तुमची, म्हणून लग्नाचे कागद घेऊन अर्ज केला. मिलिटरीच्या रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं की 1999 साली कोर्टाच्या हुकमानं घटस्फोट झाल्याची नोंद आहे आणि पत्नी म्हणून दुसऱ्या बाईंचं नाव लागलेलं आहे. कोर्ट कुठलं, नंबर काय, काही नाही.

"मला कोर्टाचा कागद कवा आलाच न्हाय दादा," एवढंच त्या सारखं म्हणत होत्या.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. नोटीस मिळालीच नाही असं दर दुसरा पक्षकार म्हणतो, त्यातल्या बऱ्याच जणांनी ती सही करून घेतलेली असते. त्यामुळं आधी फाईल बघू, मग बोलू असं ठरलं.

आता शोधायचं कुठं? हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 प्रमाणं तेव्हा अर्ज एरवी तीनच ठिकाणी करता यायचा, लग्न लागलं तिथं, जाबदार म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो राहतो तिथं, नाहीतर दोघं शेवटी एकत्र राहिले तिथं. लग्न मुलीच्या दारात लागलेलं आणि त्या राहतही माहेरीच होत्या, म्हणजे तीनातली दोन ठिकाणं माहेरच्या बाजूची. मी तरी सासरच्या बाजूचं कोर्ट आधी धरलं, कारण ज्याला हे गुपचूप उरकायचंय तो बायकोच्या गावच्या कोर्टात कशाला जाईल? जिल्ह्यातलंच एक दिवाणी वरिष्ठ स्तर कोर्ट, नाव घेत नाही.

तिथल्या तरण्या क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, नंबर आणा. ही नवीन भरती कॉम्प्युटरवर हुशार आहे, पण रजिस्टर उघडायचं म्हणजे त्यांना शिक्षा वाटते. सगळे जण दाखल रजिस्टर मागतात आणि तिथंच फसतात, कारण 1999 हे निकालाचं वर्ष, दाखल कधी झाला हे आपल्याला कुठं माहीत असतं? मी निकाली रजिस्टर मागितलं. ते निकालाच्या तारखेनं चालतं, त्यामुळं एक वर्ष पानोपान बघितलं की काम होतं. शोध अर्ज दिला, आणि तिथल्या एका जुन्या शिपाईमामांनी मला ते रजिस्टर काढून दिलं. त्या माणसाला रेकॉर्ड रूममधला कुठला रॅक कुठल्या सालाचा ते तोंडपाठ आहे, आणि कागदोपत्री त्याचं काम पाणी देणं आणि पुकारा करणं. अशा माणसांच्या जिवावर कोर्टं चालतात आणि त्यांच्या रिटायरमेंटला एक नारळ मिळतो.

नोंद सापडली. नवऱ्याचं नाव, त्यापुढं मावशींचं नाव आणि शेरा, अर्ज मंजूर.

साधारण कारकून काय करतो, हुकूमनामा म्हणजे कोर्टाचा शेवटचा हुकूम, त्याची आणि निकालपत्राची नक्कल मागतो आणि मोकळा होतो. मी तसं करत नाही. आधी पाहणीचा अर्ज देऊन फाईल बघतो आणि मग निशाणी 1 म्हणजे मूळ अर्ज, पूर्ण रोजनामा म्हणजे तारीखवार कामकाजाची नोंद, नोटिशीची परत आलेली प्रत आणि तिच्या पाठीवरचा, नोटीस नेणाऱ्या बेलिफाचा रिपोर्ट, हे सगळं मागतो. काय हुकूम झाला ते हुकूमनामा सांगतो, कसा झाला ते रोजनामा सांगतो. जुन्या केसमधले हे बारीक कागद मुदत संपली की नाश करायच्या यादीत जातात, मागं निकाल आणि हुकूमनामा तेवढा उरतो. ह्या गठ्ठ्याच्या नाशाचं काम मागं पडलेलं होतं म्हणून फाईल अख्खी हाताला लागली. लाल फडकं सोडलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण अक्षर शाबूत.

निशाणी 1 चं पहिलं पान. जाबदार म्हणून मावशींचं नाव, वय, धंदा घरकाम, आणि राहणार म्हणून सासरचं गाव. पान उलटलं. अर्जाच्या कलम 4 मध्ये टाईप केलेलं, की जाबदार ही अर्जदारास काहीएक न सांगता माहेरी निघून गेली असून ती आजअखेर माहेरीच राहत आहे. माहेरच्या गावाचं नावसुद्धा तिथं आहे, तालुका-जिल्ह्यासकट. त्याच त्यागाच्या मुद्द्यावर घटस्फोट मागितलेला.

मी पहिलं पान परत बघितलं. मग परत चौथं कलम.

म्हणजे जी बाई ह्या घरात राहत नाही ही तक्रार, तिला नोटीस पाठवायची त्याच घराच्या पत्त्यावर. आणि बेलिफाचा रिपोर्ट काय, तर "जाबदार मिळून न आल्याने घराच्या दर्शनी दारावर एक प्रत डकवून बजावणी केली". मिळून कशी येईल? खाली पंच म्हणून दोन सह्या, त्यातली एक मावशींच्या सख्ख्या दिराची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 5 रूल 17 मध्ये दाराला डकवायची सोय आहे, नाही असं नाही, पण ते दार ती व्यक्ती जिथं एरवी राहते तिथलं पाहिजे. रोजनाम्यात पुढच्या तारखेला एक ओळ, जाबदार नोटीस बजावूनही गैरहजर, अर्ज एकतर्फी चालवण्यात यावा. त्यानंतर नवऱ्याचा जबाब आणि निकाल. 1998 च्या जुलैत सरकारनं तालुका-जिल्हा कोर्टांची भाषा मराठी ठरवली होती, तरी निकाल इंग्रजीत, दोन पानांचा, त्यात एक वाक्य की रिस्पॉन्डंट ड्युली सर्व्ह्ड, म्हणजे जाबदाराला नोटीस रीतसर बजावली.

अर्ज लिहिणारा वकील, तपासून नंबर देणारा क्लार्क, नोटीस काढणारा, नेणारा बेलीफ आणि शेवटी खुद्द न्यायाधीश, एवढ्या हातांतून तो कागद गेला. पहिलं पान आणि चौथं कलम एकापुढं एक ठेवून एकानंही वाचलं नाही. वाचायला दोन मिनिटं लागतात. मला ह्याचा राग येतो आणि तो अजून गेलेला नाही. आणखी एक सांगतो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 च्या पोटकलम 4 मध्ये स्पष्ट लिहिलंय की घटस्फोट झाला की कोर्टानं दोन्ही पक्षकारांना हुकूमनाम्याची नक्कल फुकट द्यायची. फाईलमध्ये मावशींना नक्कल दिल्याची पोच नाही. ती एक नक्कल खऱ्या पत्त्यावर गेली असती तरी हे तेव्हाच उघडकीला आलं असतं.

नकला मिळाल्या त्या दिवशी मावशींना बोलावून घेतलं आणि मी सगळं मराठीत वाचून दाखवलं. लेक रडायला लागली. मावशी रडल्या नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "ह्यात माझी सही हाय का कुठं?"

म्हटलं, नाही मावशी.

"मग झाला कसा?"

साहेबांनी त्याच संहितेचा ऑर्डर 9 रूल 13 समजावून सांगितला, एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज. नवरा वारल्यावर असा अर्ज चालतो का, ही माझी शंका होती, तर सुप्रीम कोर्टाचा निकालच आहे, यल्लव्वा विरुद्ध शांतव्वा, एआयआर ह्या निकालांच्या संग्रहात 1997 ला छापलेला. नवऱ्याच्या मरणानंतरसुद्धा चालतो, कारण ती बाई त्याची विधवा ठरते की नाही हा प्रश्न त्याच्याबरोबर मरत नाही. पण मुदत 30 दिवस, आणि नोटीस नीट बजावलेली नसेल तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजायचे. म्हणून मी पक्षकारांना सारखा ओरडत असतो की नकलेच्या पाठीमागचा शिक्का जपा, अर्ज कधी दिला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, सगळ्या तारखा त्यावर असतात. लोक पुढच्या बाजूची झेरॉक्स काढतात आणि मूळ नक्कल ऑफिसात देऊन बसतात.

आता समोरून, म्हणजे दुसऱ्या बाईंच्या बाजूनं, काय येणार तेही आम्हाला माहीत आहे. म्हणतील, नवऱ्यानं दुसरी केली हे बाईला 2001 पासून माहीत होतं, मग घटस्फोट माहीत नव्हता कसा? इथंच माझं डोकं अडकलंय. मावशींना दुसरं लग्न माहीत होतं, त्या नाकारतच नाहीत. पण आपल्या भागात पहिली नांदवायची नाही आणि दुसरी आणून बसवायची, हे कागदाशिवाय किती घरांत झालंय ते मी सांगायला नको. दुसरं लग्न कळलं म्हणजे कोर्टाचा हुकूम कळला, हा हिशेब ज्याला कोर्ट माहीत आहे त्याचा. मावशींच्या लेखी त्या टाकलेल्या होत्या, सुटलेल्या नव्हत्या. इतकी वर्षं गळ्यात काळी पोत होती.

आणि ती दुसरी बाई. तिच्या बापानं बहुतेक हुकूमनामा बघूनच मुलगी दिली असणार. हा हुकूमनामा रद्द झाला तर तिच्या मुलांना औरस धरणाऱ्या, विवाह कायद्याच्याच कलम 16 चा आधार आहे, तिला स्वतःला काय? साहेब म्हणाले, आपण मावशींचे वकील आहोत. बरोबर आहे त्यांचं. पण केस संपली की साहेब घरी जातात, निकालाची नक्कल आणायला मीच जाणार.

लेकीच्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा आम्ही जोडलाय, 1997 ला पहिलीत नाव माहेरच्या गावात घातलेलं, पालक म्हणून आईची सही. ही सही मात्र मावशींची आहे. अर्ज मुदतीत दाखल झाला. दुसऱ्या बाईंच्या नोटिशीवरचा पत्ता मी गावात माणूस पाठवून खात्री करून घातला, कारण मुलाच्या नोकरीपायी त्या आता पुण्याला राहतात असं कळलं होतं आणि ते खरं निघालं. नोटीस त्यांच्या हातात पडली, त्यांनी वकील दिलाय, वकिलांनी म्हणणं द्यायला मुदत मागितली आहे.