तीन फुटी माशांची टाकी: रॅम्सहॉर्न गोगलगायी संपल्या, एमटीएस (मलेशियन ट्रम्पेट स्नेल) वाळूत ठाण मांडून

आधी गोड बातमी. वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीच्या पानांखाली आता अंड्यांचे जेलीसारखे ठिपके दिसत नाहीत आणि पुढच्या काचेशी रिकाम्या शंखांचा खच पडलाय. सहा योयो लोच माशांची करामत! लोच कवच फोडत नाही, तोंड लावून आतला जीव ओढून घेतो. म्हणून शंख अख्खे सापडतात. पोट फुगलेले रॅम्सहॉर्नखाऊ लोच बघायला मजा येते, हे मान्य.

वैताग आहे तो एमटीएसचा. दिवसा वाळूत, दिवे गेले की वर. जाड निमुळतं कवच, त्यात तोंडाशी झाकण. लोच पोचेपर्यंत दार बंद. अंडी घालायची भानगड नाही, थेट पिल्लंच, आणि मादीला नर लागत नाही. एखादी उरली तरी पुरे. (भरदिवसा काचेवर चढू लागल्या तर मात्र आधी पाणी तपासा, ऑक्सिजन कमी पडला असण्याची शक्यता जास्त.)

पाणी मऊ करून कवचं विरघळवायचा सल्ला इंदूरच्या बोअरला लागू नाही, इथलं पाणी मुळातच कडक. तांब्याचं औषध तर नकोच: कोळंबी जाते आणि वाळूत एकदम मेलेल्या गोगलगायी अमोनिया चढवतात.

मग मासा कुठला? दुकानात दोन इंची क्लाउन लोच 'शंख खाणारा' म्हणून गळ्यात मारतात. तो फूटभर वाढतो हे सांगत नाहीत. तीन फुटीत त्याला आणू नये. पी पफर इंचभराचा, केरळचा, गोड्या पाण्यातलाच, पण गप्पींची शेपटी कुरतडतो, कोरडं खाणं सहसा घेत नाही आणि मोठ्या एमटीएसचं कवच त्याच्या आवाक्याबाहेर. शिवाय त्याची जंगली संख्या धोक्यात आहे. पाळायचाच तर घरी पैदास केलेला, आणि वेगळ्या टाकीत.

राहिली असॅसिन गोगलगाय. ती वाळूत शिरून एमटीएसच मारते, अंडी हळूहळू घालते. ठरलं होतं तिचंच. पण लोच तिलाही सोडतील याचा भरवसा नाही! दोन्ही एका टाकीत म्हणजे पैसे पाण्यात.

हे टाइप करतानाच दुसरा उपाय सुचला: वाळूच लोचांपुढे उघडी करायची. दिवे मालवायच्या अर्धा तास आधी, झाडं नसलेल्या वाळूच्या अर्ध्या भागात बारीक काठी दीड सेंटिमीटर खोल फिरवायची. जास्त खोल नको, साचलेला कुजका गाळ आणि वायू वर येतात. त्या रात्री पेलेट (माशांचं दाणेदार खाणं) बंद. वर आलेल्या छोट्या एमटीएस लोचच्या तोंडात मावतात. मोठ्यांसाठी चमच्याला बांधलेली काकडीची चकती, उजाडण्याआधी चिकटलेल्या गोगलगायींसकट उचलायची. उरलेला अर्धा भाग दुसऱ्या आठवड्यात. पाणीबदल नळाला नर्मदेचं पाणी येईल त्या दिवशी, सिफन त्याच भागातून.

पेलेट निम्मे केले नाहीत तर हे सगळं फुकट, उरलेलं खाणं हीच एमटीएसची खानावळ.

नवे लोच घेताना पाठ धारदार आणि पोट खपाटीला गेलेलं असेल तर तो तिथेच ठेवा. आतल्या जंतांची लक्षणं असतात. खवले बारीक, म्हणून व्हाइट स्पॉट या रोगाचं औषध अर्ध्याच मात्रेत. कोळंबी वीस लिटरच्या टाकीत हलवलीय. असॅसिन तिथेच सोडून बघता येतील, तिथेही एमटीएस पोचल्यात.