अडतीस अंश

२०१९ च्या मे महिन्यातील एका दुपारी रावेरहून आलेल्या नानांनी माझ्या जळगावच्या स्टुडिओत काउंटरवर रुमालाची गाठ सोडली आणि त्यातून फिल्मचे चार रोल काढून ओळीने मांडले. नाना कृषी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीच्या काळात स्लाइड प्रोजेक्टर घेऊन ते गावोगाव जात आणि केळीवरचा करपा कसा ओळखायचा, हे भिंतीवर चित्रे पाडून शेतकऱ्यांना दाखवत. त्या दिवसांत काढलेले, परंतु धुवायचे राहून गेलेले हे रोल माळ्यावरच्या पेटीत सापडले होते. "भाऊ, कांदेबागेतल्या केळीवरच्या करप्याची अगदी पहिली अवस्था मी यांतच टिपली होती. निघतील का?" त्यांनी विचारले.

तीन रोल ई-६ या रंगीत स्लाइड धुण्याच्या नेहमीच्या पद्धतीने धुवायचे होते. चौथा कोडाक्रोम या वेगळ्याच जातीच्या स्लाइड फिल्मचा होता. तो कोणा नातेवाइकाने परदेशातून आणून दिला होता.

माझ्याजवळ ई-६ रसायनांचा एक लिटरचा एकच संच शिल्लक होता आणि तो मी दीड वर्ष फोडला नव्हता. एकदा पाण्यात मिसळलेली ही रसायने काही आठवड्यांतच निकामी होतात, म्हणून डझनभर रोल जमल्याशिवाय संच फोडायचा नाही, असा माझा नियम होता. आणि फ्रीजमधले माझे आठ रोल तर अजून वापरायचेच होते. मुंबईच्या विक्रेत्याने पुढचा संच येईल की नाही याची खात्री देणे सोडले होते. त्यातच १८४७ पासून चालत आलेली जर्मनीची टेटेनाल ही अशी रसायने बनवणारी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली होती. गंमत अशी की, २०१२ मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म कोडॅकने त्याच २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणली. फिल्म परत आल्याचे कौतुक सगळीकडे झाले. ती धुवायची कशात, हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या वाट्याला आला.

मी मूळचा छायाचित्रकार केकी मूस यांच्या चाळीसगावचा. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन तराजूत तोलून कृष्णधवल डेव्हलपर घरी बनवणे मला लहानपणापासून ठाऊक आहे. रंगीत स्लाइडचे तसे नाही. तिच्या कलर डेव्हलपरला लागणारे सीडी-३ हे द्रव्य जळगावच्या कोणत्याही केमिकलच्या दुकानात मिळत नाही, त्यामुळे तयार संच मिळाला नाही की हात बांधले जातात. तरीही नानांसमोर मी तो संच फोडला. का फोडला, याचे नीट उत्तर मी बायकोलाही देऊ शकलो नाही.

खरी अडचण पाण्याची झाली. पहिला डेव्हलपर अडतीस अंशांवर लागतो आणि त्यात अर्ध्या अंशाचाही फरक चालत नाही. संचाबरोबरच्या कागदावर पाणी कसे तापवावे हे सविस्तर दिलेले होते. ते लिहिणाऱ्याने खान्देशातला मे महिना पाहिलेला नसावा. गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळाला एक्केचाळीस अंशांचे येत होते. शेवटी समोरच्या लस्सीवाल्याकडून बर्फ आणला, पिशव्यांत बांधून घमेल्यातल्या पाण्यात सोडला आणि थर्मामीटरवर नजर ठेवून एकेक पिशवी आत-बाहेर करत बसलो.

निगेटिव्ह बिघडली तर प्रिंट काढताना थोडेफार सावरता येते, पण स्लाइड हीच अखेरची प्रत असते. पहिला डेव्हलपर फिल्मवर आधी कृष्णधवल निगेटिव्ह प्रतिमा तयार करतो आणि जे चांदीचे क्षार तिथे उरतात त्यांच्यापासूनच पुढे रंगीत प्रतिमा बनते. म्हणून त्या सहा मिनिटांत झालेली चूक नंतर कशानेही भरून निघत नाही. नानांची परवानगी घेऊन मी पहिल्या रोलचा सुरुवातीचा वीतभर तुकडा अंधारात कापला आणि तो आधी एकटा धुतला. माळ्यावरच्या उष्णतेने फिल्म धुकटली होती. तुकडा फिकट, जांभळट निघाला आणि त्यात काळा म्हणावा असा रंग कुठेच नव्हता. पुढच्या धुलाईत पहिल्या डेव्हलपरची वेळ मी अर्ध्या मिनिटाने कमी केली. तीनही रोल टाकीतून बाहेर काढले तेव्हा ते ताजे वाटावेत असे नव्हतेच, मात्र पाने हिरवी होती आणि पानांच्या शिरांलगतच्या बारीक पिवळ्या रेघा उजेडाच्या पेटीवर स्पष्ट दिसत होत्या. नानांनी माझे भिंग घेतले आणि ते कितीतरी वेळ परत दिलेच नाही.

कोडाक्रोमबाबत मात्र मी हात जोडले. इतर स्लाइड फिल्ममध्ये रंग घडवणारी द्रव्ये फिल्मच्या थरांतच असतात. कोडाक्रोममध्ये ती धुलाईच्या वेळी तीन वेगवेगळ्या रंगीत डेव्हलपरमधून येत, आणि हे काम घरी जमण्यासारखे कधीच नव्हते. १९३५ मध्ये आलेल्या या फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील पार्सन्स गावातल्या शेवटच्या लॅबने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणे बंद केले. माझ्या ई-६ रसायनांत तो घातला असता, तर कोरी पट्टी हाती आली असती. नाना म्हणाले, "मग काळा-पांढरा तरी करा."

दुसऱ्या दिवशी घरच्या डेव्हलपरमध्ये तो रोल धुतला आणि मागचा काळा लेप सोड्याच्या पाण्याने पुसून काढला. सत्तावीस चित्रे निघाली. केळीच्या पानांचे पन्हळ, घड, एका चित्रात छत्री धरून उभा असलेला शिपाई, सगळे नीट ओळखू येत होते. नानांनी पट्टी उजेडासमोर धरली आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "हे पान रोगट आहे की निरोगी, हे आता मलाच सांगता येत नाही."

संचातली रसायने तेव्हा आठ-नऊ रोलना पुरतील इतकी उरली होती आणि त्यांचे दिवस मोजके होते. म्हणून त्या पंधरवड्यात फ्रीजमधले आठही रोल घेऊन मी सावद्याला केळीच्या ट्रकांमागे फिरलो आणि ज्या प्रकाशात स्लाइड फिल्म कधी बाहेर काढू नये, त्या दुपारी दोनच्या उन्हातही शटर दाबत राहिलो.