तुम्ही विचारलंत म्हणून: दहा वर्षांतली किती द्याल?

आजारपणामुळे जगण्याची प्रत किती घसरते, हे ठरवताना मत कुणाचं धरायचं, निरोगी माणसांचं की आजाऱ्यांचं? मी अशा मुलाखती घेते म्हटलं की हा प्रश्न येतोच.

आम्ही विचारतो, या अवस्थेत दहा वर्षं जगाल, की त्याहून कमी पण ठणठणीत? चार ठणठणीत वर्षं या दहांच्या तोडीची वाटली, तर त्या अवस्थेला ०.४ गुण. हे गुण आणि वर्षं यांच्या गुणाकारावरून एखाद्या औषधावर सरकारी पैसा खर्चावा का, ते तोललं जातं. उत्तरं बहुधा सर्वसामान्यांची असतात. ब्रिटनच्या १९९३ मधल्या पाहणीत सुमारे ३००० जणांना हेच विचारलं होतं. पैसा सगळ्यांचा, म्हणून मतही सगळ्यांचं.

एका तरुणापुढे चालता न येण्याचं कार्ड ठेवलं. त्याने वर्षांच्या पट्टीवरचा काटा झटक्यात चारवर आणला. तीव्र नैराश्याच्या कार्डाला मात्र तो नऊच्या खाली उतरेना. "मन काय, सावरता येतं." पुढच्याच आठवड्यात, कित्येक वर्षं व्हीलचेअरवर असलेल्या एका बाईंनी काटा दहावरून हलवलाच नाही. "यातले सहा महिनेसुद्धा मी का देऊ?"

अर्थशास्त्रज्ञ पॉल डोलन आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी २००८ मध्ये हेच दुखणं मांडलं होतं. निरोगी माणूस सुरुवातीचा धक्का डोळ्यांपुढे आणतो, पुढे अंगवळणी पडणारं जगणं त्याला दिसत नाही. आणि नैराश्याची फारशी सवय होत नाही, हेही त्याला ठाऊक नसतं.

म्हणून मी आजाऱ्यांच्या बाजूने आहे. तरी एक गोष्ट खुपते. त्या बाईंचे गुण पूर्ण धरले, तर त्यांना पुन्हा चालवणाऱ्या उपचाराचा फायदा कागदावर शून्य! जिद्दीने मिळवलेलं समाधान त्यांच्याच मुळावर येतं. किती खर्चायचं आणि आधी कुणावर, ते सगळ्यांनी मिळून ठरवावं. ती अवस्था कशी असते, हे मात्र ती जगणाऱ्यालाच विचारावं, आणि निभावून न्यायला काय मोजावं लागतं तेही.

निघताना त्या बाईंना मी तेवढं विचारलं, फॉर्मबाहेरचं. सकाळी आवरायला त्यांना दीड तास लागतो. त्यासाठी त्या रोज पाचला उठतात. ते लिहायला माझ्या फॉर्मवर रकाना नव्हता; मी समासात लिहून घेतलं.