फज्र नव्हे, फलक

२७ जुलै २०२४, शनिवार. जिल्हा आवृत्तीचं पान सुटायला तासभर असताना इस्रायलच्या ताब्यातल्या गोलन टेकड्यांवरची बातमी आली. मज्दल शम्स या द्रुझ पंथीयांच्या गावात फुटबॉलच्या मैदानावर रॉकेट पडलं होतं आणि मैदानात मुलं होती. तिथे संध्याकाळचे सव्वासहा वाजून गेले होते, आपल्याकडे पावणेनऊ. मृतांचा आकडा वाढत वाढत अखेर १२ वर थांबला. सगळी मुलं आणि किशोरवयीन.

डेस्कवर लागलेला पहिला मथळा होता ‘इराणी क्षेपणास्त्राचा हल्ला’. तीन शब्दांत दोन चुका.

‘इराणी’ हा शब्द एरवी चालला असता. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये इराणने स्वतःच्या भूमीवरून इस्रायलवर तीनशेहून अधिक ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली होती. या मथळ्याने वाचकाला वाटलं असतं की तेहरानने पुन्हा हल्ला केला. माल इराणचा असणं वेगळं, डागणारा इराण असणं वेगळं. ‘क्षेपणास्त्र’ ही चूक आणखी मोठी. क्षेपणास्त्राला वाटेत दिशा सुधारता येते. तोफखान्याच्या साध्या रॉकेटला नळी सोडल्यावर कुणीच काही सांगू शकत नाही, ते जाईल तिकडे. ‘रॉकेट म्हटलं की दिवाळीतलं वाटतं,’ असा आक्षेप आला. वाटू दे. शब्द तोच बरोबर होता.

खरा घोळ ग्राफिकमध्ये झाला. हिज्बुल्ला या लेबनॉनमधल्या सशस्त्र संघटनेने त्याच दिवशी मआले गोलानीच्या लष्करी तळावर ‘फलक-१’ डागल्याचं जाहीर केलं होतं आणि मज्दल शम्सशी संबंध मात्र नाकारला होता. जुन्या फायलींत शोधताना कुणाच्या तरी हाती ‘फज्र-५’ लागलं आणि त्याचाच तक्ता पानात बसला. दोन्ही नावं अरबीतून आलेली, दोन्हींचा अर्थ पहाट. त्यात मुद्रितशोधकाने समासात लिहिलं, ‘फलक कसला? दुकानाचा?’ मग एकाने उर्दूच्या आधाराने ‘फलक म्हणजे आकाश’ अशी चौकटही तयार केली. आकाशवाला फलक वेगळा, त्याचं शेवटचं अक्षर वेगळं. चौकट काढली.

पण नावातल्या गोंधळापेक्षा आकडे जास्त महागात पडले असते. फज्र-५ म्हणजे ३३३ मिलिमीटर व्यासाचं, साडेसहा मीटर लांबीचं, नऊशे किलोंहून जड धूड. ट्रकवर चार नळ्या, पल्ला ७५ किलोमीटर. नोव्हेंबर २०१२मध्ये गाझातून तेल अविवच्या दिशेने गेली ती हीच जात. फलक-१ हे सोव्हिएत बीएम-२४ या रॉकेटतोफेच्या धर्तीवरचं २४० मिलिमीटरचं बुटकं रॉकेट. लांबी जेमतेम १.३ मीटर, वजन १११ किलो, आणि त्यातलं पन्नास किलोंच्या आसपास वजन एकट्या स्फोटकाग्राचं, म्हणजे टोकाच्या स्फोटक भागाचं. उरलेल्या नळकांड्यात इंधन मावणार किती? म्हणून पल्ला फक्त १० किलोमीटर. नुसता व्यास पाहून ओळखायला गेलात तरी फसाल, कारण फज्र-३ सुद्धा २४० मिलिमीटरचंच आहे. ते मात्र पाच मीटरहून लांब आणि ४३ किलोमीटर जाणारं.

आमच्या नकाशावर मज्दल शम्सभोवती ७५ किलोमीटरचं वर्तुळ काढलेलं होतं. त्यात दमास्कससुद्धा येत होतं. म्हणजे रॉकेट कुणीही, कुठूनही सोडलं असेल असं ते चित्र सांगत होतं. १० किलोमीटरचं वर्तुळ काढलं तेव्हा उरला हर्मोन पर्वताचा उतार आणि लेबनॉनच्या हद्दीतला शेबा गावाचा पट्टा. तिथून मज्दल शम्सचं अंतर नऊ-दहा किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पूर्ण पल्ला. (त्या पूर्व विभागात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतली भारतीय बटालियन १९९८पासून आहे, त्यामुळे आपल्या अनेक जवानांना ही गावं नावानिशी ठाऊक असतात.)

मग प्रश्न आला क्रियापदाचा. ‘नेम चुकला’ लिहायचं की ‘लक्ष्य केलं’? देवळालीला राहणाऱ्या, तोफखान्यातून निवृत्त झालेल्या एका कर्नलसाहेबांना फोन लावला.

‘सर, फुटबॉलचं मैदान नेम धरून मारता येईल का यानं?’

‘अहो, मैदान कसलं, गाव धरून मारता आलं तरी पुष्कळ. याला शेपटाला पंख नसतात. बुडाला तिरकी भोकं असतात, वायू तिरका निघतो आणि रॉकेट स्वतःभोवती फिरतं. त्या फिरकीवरच ते सरळ राहायचं.’

बिघडतं कुठे, हे त्यांनी एकामागून एक सांगितलं. इंधन जळत असताना वारा लागला की दिशा ढळते आणि ती ढळलेलीच राहते. इंधन गार असेल तर सावकाश जळतं, ऊन खाल्लेलं असेल तर भराभर, की पल्ला बदलला. दोन मोटरींचा जोर तंतोतंत सारखा कधीच नसतो. हलक्या जीपवर नळ्या असतील तर पहिल्या रॉकेटच्या धक्क्याने जीप हलते आणि दुसरं भलतीकडे जातं. शिवाय डोंगर. उंचीवर हवा विरळ, रॉकेट जास्त लांब जातं. कारगिलमध्ये आपल्या ग्रॅड रॉकेटांचे समुद्रसपाटीवरचे तक्ते तसेच्या तसे चालले नव्हते.

‘म्हणजे सर, चुकून पडलं असं म्हणू?’

‘तेही नका म्हणू. एक अंश दिशा चुकली तर दहा किलोमीटरवर पावणेदोनशे मीटर फरक पडतो. तो तळ मैदानापासून किती लांब आहे?’

‘दोन-तीन किलोमीटर.’

‘मग हिशेब करा. नुसतं आडवं सरकून तेवढं जायचं तर चौदा-पंधरा अंश लागतील. एवढं वाऱ्याने होत नाही. पल्ला चुकला असेल किंवा नळीच भलतीकडे असेल. नळी कुठे होती, कोन काय होता, हे हातात नसताना तुम्ही काय छापणार?’

दोन्ही क्रियापदं काढली. ‘पडलं’ एवढंच ठेवलं. मला ते आजही भित्रं वाटत नाही. मात्र असं हत्यार वस्तीशेजारच्या तळावर सोडणाऱ्याला ते वस्तीत पडू शकतं हे ठाऊक असतं. ते वाक्य आम्ही कर्नलसाहेबांच्या नावाने घेतलं.

शहर आवृत्तीपर्यंत इस्रायली लष्करानेही फलक-१चंच नाव घेतलं आणि स्फोटकाग्र पन्नास किलोंपेक्षा जास्त असल्याचं सांगितलं. दुसरीकडून, हे इस्रायलचंच, आयर्न डोम या हवाई बचाव यंत्रणेचं क्षेपणास्त्र कोसळलं, असा दावा फिरू लागला. आयर्न डोमचं क्षेपणास्त्र तामीर सडपातळ, १६० मिलिमीटरचं असतं. त्याला पंख आणि आत इलेक्ट्रॉनिक्स. स्फोटकाग्र लहान, कारण त्याला हवेतलं रॉकेट फोडायचं असतं. दोघांचे अवशेष सारखे दिसत नाहीत. पण रात्री मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून निकाल द्यायचा नाही, एवढं एव्हाना सगळ्यांना पटलं होतं. दोन्ही दावे, ज्याचा त्याच्या नावाने, शेजारी शेजारी लावले.

जिल्हा आवृत्तीत तरीही ७५ किलोमीटरचं वर्तुळ गेलंच, कारण ग्राफिक बदललं तोवर ते पान छपाईला लागलं होतं. मंगळवारच्या अंकात चार ओळींची दुरुस्ती छापली, आणि त्याच संध्याकाळी इस्रायलने बैरुतमध्ये हिज्बुल्लाचा कमांडर फुआद शुक्रला मारल्याची बातमी आली. पान पुन्हा उघडलं. या वेळी फज्रची फाईल कुणी काढली नाही.