चालता-बोलता सम सापडावी म्हणून

मुंबईत गाणं शोधत जावं लागत नाही. रिक्षात, वाण्याच्या दुकानात, सोसायटीतल्या पूजेला ते कानावर पडतच असतं. पण कानावर पडणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. गाणं खऱ्या अर्थाने आपलं होतं ते त्याची सम सापडल्यावर. त्यासाठी क्लास लावायची गरज नाही. हात, पाय आणि रोजची पंधरा-वीस मिनिटं पुरतात, तीही येता-जाता.

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, आणि मात्रा म्हणजे तालाच्या मोजणीतला एक ठोका. ताल गोल फिरून पुन्हा तिथेच येतो, आणि गाण्यातला वजनदार शब्द बहुतेक वेळा तिथेच उतरतो. सुरुवात तीनतालापासून करा. मात्रा सोळा, चार-चारचे चार खण. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे हात उलटा करून हवेत सोडायचा. तोंडाने बोल म्हणायचे: धा धिन् धिन् धा, धा धिन् धिन् धा, धा तिन् तिन् ता, ता धिन् धिन् धा. लय धरायला भिंतीवरचं टिकटिक करणारं घड्याळ उत्तम. मिनिटाला साठ ठोके मिळतात, म्हणजे सोळा सेकंदांत एक आवर्तन, तालाचा एक पुरा फेरा. ते जमलं की एका टिकटिकीत दोन मात्रा बसवा, आवर्तन आठ सेकंदांत पुरं होईल.

इथे एक चूक जवळजवळ सगळ्यांची होते. खालीला हात उलटा करताना वेळ जातो आणि नववी मात्रा लांबते, मग पुढचं सगळं आवर्तन घड्याळाच्या मागे पडतं. हात नवव्या मात्रेला वळवायचाच नाही. आठवी मोजतानाच तो वळायला लागला पाहिजे, म्हणजे नवव्या मात्रेला तो जागेवर पोचलेला असतो.

लोकलमध्ये टाळ्या वाजवता येत नाहीत, तिथे बोटांची पेरं आहेत. अंगठ्याने एका बोटाची तीन पेरं आणि टोक मोजलं की चार मात्रा झाल्या. चार बोटांचा तीनताल. टोक सोडून नुसती पेरं मोजलीत तर चार त्रिक बारा, तो एकताल. एका हाताने कडी धरलेली असली तरी दुसऱ्या हाताला हे काम देता येतं.

आता ऐकण्याकडे. तबल्याच्या जोडीत डावीकडचा डग्गा घुमतो, आणि तीनतालाचा नकाशा त्या घुमण्यातच आहे. नवव्या मात्रेच्या ‘धा’पर्यंत डग्गा बोलत असतो. दहाव्यापासून तेराव्यापर्यंत तो गप्प बसतो, कारण तिन् तिन् ता ता हे बोल नुसत्या उजव्या हाताचे आहेत. चौदाव्या ‘धिन्’ला तो परत येतो. म्हणजे घुमारा परत आला की तीन मात्रा मोजायच्या, चौदा, पंधरा, सोळा, आणि पुढची सम. गाणं मध्येच कुठून ऐकायला लागलात तरी ही खूण हाती येते.

पण हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. तो स्पीकर इतका लहान असतो की खर्जातला आवाज त्यातून जेमतेम बाहेर पडतो, आणि धिन् व तिन् सारखेच वाटतात. गाडीत इअरफोन घातले तरी चाकांची आणि मोटारींची घरघर नेमकी डग्ग्याचाच आवाज खाऊन टाकते. मग माणसं आवाज वाढवत जातात, त्याने कान दुखतात पण खर्जातलं काही ऐकू येत नाही. डग्गा ओळखायचा सराव घरी करावा, बऱ्यापैकी स्पीकरवर, पंखा बंद करून. गाडीत पेरं मोजावीत.

भावगीतं आणि सिनेमातली गाणी यांचं बहुतेक काम केरवा आणि दादरा या दोन तालांवर चालतं. केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ती, ना क धी ना. दादरा सहांचा: धा धी ना, धा ती ना. कानाने फरक कळत नसेल तर पायाने कळतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती किंवा मरीन ड्राइव्हला चालताना एका पावलाला एक मात्रा घ्या, सम उजव्या पायावर ठेवा. केरव्यात पाचवी मात्रा, म्हणजे खाली, पुन्हा उजव्याच पायावर येते. दादऱ्यात खाली चौथ्या मात्रेवर, म्हणून ती डाव्या पायावर पडते आणि अंगाला झोका मिळतो. हे पाठ झालं की रूपक घ्या: ती ती ना, धी ना, धी ना. मात्रा सात, त्यामुळे सम एकदा उजव्या पायावर येते, एकदा डाव्यावर. रूपकात समेवरच खाली असते, म्हणून डग्गा ऐकून सम शोधू पाहणारा इथे हमखास फसतो. पाय फसत नाही.

एक ध्यानात असू द्या. गाण्याचा पहिला शब्द म्हणजे सम नव्हे. मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, कितीतरी वेळा समेच्या आधी उठतो आणि दोन-चार मात्रांनंतर समेवर येऊन बसतो. पहिल्या शब्दावर टाळी दिलीत तर पुढे सगळं उलटं पडेल. ध्रुवपदाची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी, ओळ दोन-तीनदा नुसती ऐका. जिथे आवाज टेकतो ते अक्षर पकडा, आणि टाळी तिथून सुरू करा.

आता आरती. गणपतीत घरोघरी आरतीची लय पळते आणि दोष लहान मुलांना दिला जातो. खरं कारण ओळीच्या शेवटी असतं. तिथे दोनेक मात्रांची मोकळी जागा असते. श्वास संपलेला असतो, पुढची ओळ तोंडावर आलेली असते, आणि ती जागा गिळली जाते. प्रत्येक ओळीला अर्धी मात्रा गेली तरी तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळे धावत असतात. त्यावर उपाय साधा आहे. मोकळ्या जागेतही टाळी चालू ठेवायची. आणि ज्याची लय पक्की आहे अशा एकाच माणसाने टाळ वाजवायचे. बाकीचे टाळ फक्त समेवर. घरात चार जोड आहेत म्हणून चारही सतत वाजलेच पाहिजेत असं नाही.

टाळ वाजवण्याचीही रीत आहे. दोरी तर्जनीभोवती गुंडाळून मुठीत धरायची, तळवा धातूला लागता कामा नये. लागला की नाद तिथेच मरतो. दोन टाळ तोंडाला तोंड लावून सपाट आपटले तर मध्ये हवा कोंडते आणि बसका ‘थप्’ येतो. एक टाळ किंचित तिरपा धरून कडेवर कड टेकवा आणि लगेच सोडा. नाद लांबवायचा नसेल तेव्हा दोन्ही टाळ एकमेकांवर मिटायचे. खुला आणि मिटलेला, या दोन आवाजांत आठ मात्रांचा भजनी ठेका छान रंगतो. डोंबिवली-कल्याणकडून येणाऱ्या गाडीत भजनी मंडळी भेटली तर टाळकऱ्याच्या चेहऱ्याऐवजी मनगट बघा. मनगट सैल असतं, कोपर हलत नाही.

नाचायला जागा नाही, ही तक्रार वन रूम किचनमध्ये खरी आहे. पण कथकचा तत्कार दोन फरशांवर होतो. ता थै थै तत्, आ थै थै तत्. पावलं अशी: उजवा, डावा, उजवा, डावा, मग डावा, उजवा, डावा, उजवा. दोनदा म्हटलं की तीनताल पुरा होतो. गोंधळ चौथ्या आणि पाचव्या मात्रेच्या मध्ये होतो. तिथे डावा पाय लागोपाठ दोनदा पडतो आणि चालायची सवय पायाला उजवीकडे ओढते. तसंच आठवीनंतर उजवा दोनदा. म्हणून आधी फक्त ‘तत् आ’ एवढाच सांधा वीस वेळा करा, मग पूर्ण ओळ.

पाऊल सपाट पडायला हवं. टाच आधी आपटली तर धक्का सरळ गुडघ्यात जातो. खाली काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर टाइल्स, तो धक्का शोषायला काहीच नसतं. गुडघे ताठ नकोत, किंचित सैल. पाय जमिनीपासून दोन-तीन बोटं उचलला तरी पुरे, जोर उंचीतून नाही, वेळेवर पडण्यातून येतो. दहा मिनिटांवर सुरुवातीला जाऊ नका. खालच्या मजल्यावर माणसं राहतात, तेव्हा घुंगरू शनिवार-रविवारच्या सकाळी आणि बाकी दिवस अनवाणी सतरंजीवर. सतरंजीवर आवाज येत नाही, त्यामुळे बोल तोंडाने मोठ्याने म्हणणं भाग पडतं आणि लय उलट पक्की होते.

इतकं झालं की एखाद्या मैफलीला जाऊन बसा. पार्ल्याचं दीनानाथ, प्रभादेवीचं रवींद्र, नरिमन पॉइंटचं एनसीपीए, कुठेही. मोठा ख्याल बऱ्याचदा विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात असतो. एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची, एक आवर्तन जवळजवळ मिनिटाचं, आणि नवा माणूस इथेच हरवतो. बोल असे: धिं धिं धागे तिरकिट तू ना, कत् ता धागे तिरकिट धी ना. पूर्ण बारा मोजत बसू नका, ‘तिरकिट’ची वाट बघा. तो आवर्तनात दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. चौथ्यानंतर ‘तू ना’ येतं, त्यात डग्गा नाही, कोरडं वाजतं. दहाव्यानंतर ‘धी’ घुमतं. तो घुमारा आला की ‘ना’ एवढी एकच मात्रा उरते. गवयाचा मुखडा त्याच सुमारास उठलेला असतो, तबलजी त्याच्याकडे बघत असतो, आणि पुढच्या क्षणी आख्ख्या सभागृहाबरोबर तुमचीही मान समेवर पडते.