वाचा, पण लिहू नका

माळा आवरताना बाबांच्या अकरा फ्लॉप्या, म्हणजे जुन्या संगणकाच्या मजकूर साठवायच्या चकत्या, सापडल्या. सव्वापाच इंची, पापडासारख्या लवचीक. 'सोसायटी पत्रव्यवहार १९८९', लेबलवर बॉलपेनने दाबून लिहिलेलं. पाकिटामागे छापलंय, बॉलपेन वापरू नका. बाबांनी सूचना वाचून कधी काही केलं नाही.

त्या वाचायला जुन्या बाजारातून ड्राइव्ह आणला तो १.२ एमबीचा. फ्लॉप्या ३६० केबीच्या. मोठ्या भांड्यात लहान वाटी मावणारच, असं मला वाटलं. मावतेही, पण गंमत आहे. जुन्या फ्लॉपीच्या एका बाजूला ४० ट्रॅक, म्हणजे मजकुराचे गोल पट्टे, नव्या ड्राइव्हला सवय ८० ची. म्हणून हेड, म्हणजे मजकूर वाचणारा-लिहिणारा भाग, एका पावलाऐवजी दोन पावलं टाकत जातं. ते अरुंद असतं, जुन्या रुंद पट्ट्याच्या मधोमध फिरतं आणि मजकूर बरोबर उचलतं.

घोटाळा लिहिताना. पाटीवर जाड खडूने लिहिलेलं एका बोटाने पुसून त्याच जागी बारीक पेन्सिलीने लिहावं, तसं होतं. कडेला जुना खडू उरतोच. ती फ्लॉपी पुन्हा मूळ ड्राइव्हमध्ये घातली, की त्याच्या रुंद हेडला दोन्ही मजकूर एकदम ऐकू येतात आणि ते गोंधळतं. म्हणून मी आधी सगळ्या फ्लॉप्यांच्या खाचांवर चिकटपट्टी लावली. लिहायचं नावच नको.

एवढी खबरदारी घेऊनही एक गेलीच. डोंबिवलीच्या पावसाळ्यांनी एका फ्लॉपीवर पांढरट बुरशी धरली होती. मी न बघताच ती आत सरकवली, खिटी पाडली. खर्र खर्र, मग 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?'. मी हट्टाने रिट्राय. हेडला चिकटलेल्या घाणीने पुढची, चांगली फ्लॉपीसुद्धा खरवडली. तबकडीवर चकचकीत कडं उमटलं. त्यानंतर दर फ्लॉपीमागे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. हे शहाणपण जरा आधी सुचायला हवं होतं.

बाकीच्या नऊ वाचल्या. पत्रं वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्राममधली, इंग्रजीत. आजच्या संगणकावर उघडली तर शब्दांची शेपटं वेडीवाकडी: 'वॉटर'च्या शेवटी आरऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ओ, 'टँक'च्या शेवटी केऐवजी दोन टिंबांचा ई. एका अक्षराच्या जागेत आठ बिट, म्हणजे शून्य किंवा एकाची आठ घरं; इंग्रजी अक्षराला त्यातली सात पुरतात. रिकाम्या आठव्या बिटवर वर्डस्टार शब्द संपल्याची खूण करून ठेवायचा. छोटा प्रोग्राम लिहून ते आठवे बिट उतरवले आणि बाबा सरळ बोलू लागले.

'पाणी सकाळी वीसच मिनिटे येते. पंपाचा कॉक परस्पर कोण बंद करते, याची चौकशी व्हावी.' तीन पत्रं याच विषयावर, दर पत्रात आवाज थोडा चढलेला. तिसऱ्याच्या तळाशी: 'संबंधित व्यक्तीचे नाव पुढील पत्रात कळवीत आहे.'

पुढचं पत्र त्या खरवडलेल्या फ्लॉपीत होतं.